मूल परत देत नाहीत? आधी हुकूम बघा

ताई, मुलाचा बाप मूल परत देत नाही म्हणून अपहरणाचा गुन्हा नोंदवायला लगेच ठाण्यात धावू नका. मीही धावले होते, हात हलवत परत आले. बापही नैसर्गिक पालक असतो. ताबा तुमच्याकडे असल्याचा कोर्टाचा हुकूम नसेल तर असा गुन्हा सहसा टिकत नाही. मग आधी १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली ताब्याचा अर्ज करा.

हुकूम असेल तर:
- प्रमाणित नक्कल काढा, झेरॉक्सवर कुणी हलत नाही.
- ठरल्या वेळी मुलाला आणायला जाच. नाही दिलं तर तारीख-वेळ वहीत लिहा, व्हॉट्सॲप पुसू नका. दारात भांडण तर नकोच, त्याचाच व्हिडिओ कोर्टात येतो!
- त्याच कोर्टात अंमलबजावणीचा अर्ज. हुकूम मोडला म्हणून कोर्टाच्या अवमानाचा अर्ज करायचा तर मुदत १ वर्ष.

मूल कुठं ठेवलंय तेच कळेना, तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा असा हुकूम मागणारा अर्ज. त्यासाठी साताऱ्याहून मुंबई नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाच मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (हायकोर्टाचं बाहेरगावी बसणारं खंडपीठ) आहे.