‘लाँग क्यूटी’मध्ये लांबते ते काय?

प्रश्न असा: ‘लाँग क्यूटी सिंड्रोम’ या हृदयाच्या विद्युत-विकाराला ‘दीर्घ ठोका विकार’ म्हणावे का? आणि त्यात सांगितला जाणारा ‘पोटॅशियम चॅनेलचा दोष’ (चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणातली वाट) म्हणजे रक्तात पोटॅशियम कमी असणेच का?

‘दीर्घ ठोका’ नको. त्यातून नाडी मंद असल्याचा अर्थ निघतो, आणि तो चुकीचा आहे. ईसीजीवर क्यू लाट सुरू झाल्यापासून टी लाट संपेपर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी. हृदयाचे खालचे कप्पे विजेने उद्दीपित होऊन पुन्हा पूर्वस्थितीला येईपर्यंत जाणारा वेळ तो हाच. लांबते ते हे पूर्वस्थितीला येणे. म्हणून ‘क्यूटी लांबणे’ एवढेच म्हणावे, ते पुरेसे नेमके आहे.

नाडी जलद झाली की क्यूटी आपोआप आखडतो. त्यामुळे नुसता आकडा फसवा, तो नाडीनुसार दुरुस्त करावा लागतो. बॅझेटच्या १९२० च्या सूत्रात क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या (सेकंदांत) वर्गमुळाने भागतात. क्यूटी ४०० मिलिसेकंद असेल तर ६० च्या नाडीला उत्तर ४०० च येते, पण १०० च्या नाडीला ५१६. जलद नाडीत हे सूत्र आकडा जरा फुगवते, हेही खरे. एरवी पुरुषांत साधारण ४५० आणि स्त्रियांत ४६० च्या पुढचा दुरुस्त आकडा लांबलेला मानतात. ५०० ओलांडले की धोका बराच वाढतो.

आता पोटॅशियम. पेशी पूर्वस्थितीला येते ती पोटॅशियम बाहेर पडल्यामुळे. ही वाट घडवणाऱ्या केसीएनक्यू१ जनुकात दोष असला (प्रकार १) तर त्रास बहुधा व्यायामात होतो, त्यातही पोहताना. अशाच दुसऱ्या जनुकात, केसीएनएच२ मध्ये असला (प्रकार २) तर गजराच्या दचक्यानेही. प्रकार ३ मात्र सोडियम चॅनेलचा. तेव्हा ‘लाँग क्यूटी म्हणजे पोटॅशियमचा आजार’ हेही अर्धेच खरे. लांबलेल्या काळात कॅल्शियम पुन्हा आत शिरून अवेळी ठोका पडतो, आणि त्यातून ‘तोर्साद द प्वाँत’ ही हृदयाची धोकादायक लय सुरू होऊ शकते: ईसीजीची टोके मधल्या रेषेभोवती पिळत जातात. ते थांबले नाही तर माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जाऊ शकतो.

चॅनेलचा दोष जन्मजात असतो, रक्तातले पोटॅशियम त्यात अगदी योग्य असू शकते. तरी जुलाब-उलट्यांनी ते घसरले तर दोन्ही एकमेकांना साथ देतात. बाहेर पोटॅशियम कमी झाले की आतले जास्त वेगाने निघेल असे वाटते, पण केसीएनएच२ चे चॅनेल उलट मंदावते. एरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), हॅलोपेरिडॉल (मनोविकारांवरचे) यांसारखी औषधेही नेमके तेच चॅनेल अडवतात.