फोन दुरुस्तीला द्यायच्या आधी एवढं वाचा (डी अँड डीची पात्रं फोनमध्ये असतील तर)

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. वर्षभर चाललेला डी अँड डीचा खेळ (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, एकत्र बसून फासे टाकत आपापल्या पात्राची गोष्ट पुढे न्यायचा खेळ), चार खेळाडूंची पात्रं आणि डीएम म्हणून, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याची, तुमची सगळी टिपणं एका फोनमधल्या एका ॲपमध्ये. फोन चार्ज होत नाही, बॅटरी 31 टक्के, उद्या सकाळी सर्व्हिस सेंटरला देणार. आणि विचारताय काय, तर आता कुठलं ॲप घ्यावं! ॲपचं शेवटी लिहिते. आधी फोन उद्या देऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

मी सोलापूरचीच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी आमच्या घरी बसायचो: मावसभाऊ, ऑफिसातले दोघं, शेजारची अकरावीतली मुलगी आणि डीएम मी. आमचा सगळा खेळ नळदुर्गावरून सुचलेला होता. बोरी नदीवरचा तो बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, बाजूने कोसळणारे नर-मादी धबधबे. एवढं तयार भुयार आपल्या उशाला असताना परक्या देशातले किल्ले कशाला आणायचे, असा माझा हट्ट. खोल्यांचे नकाशे, कुठल्या दाराला कुठली किल्ली, कोण कोणाशी खोटं बोललंय, हे सगळं मी रोज बसमध्ये बसून फोनवर लिहायचे. कागदावर एक ओळ नव्हती.

मग फोनचं चार्जिंग बंद पडलं. मी जेवणाच्या सुट्टीत सर्व्हिस सेंटरला गेले. नाव लिहीत नाही, लिहून आता काही उपयोग नाही. टोकन घेतलं, नंबर आला, काउंटरवरच्या मुलाने पॅटर्न विचारला, जॉबशीट छापली आणि म्हणाला, ‘इथे सही करा मॅडम.’ मागे सात-आठ जण उभे होते. मी सही केली. त्या कागदावर बारीक अक्षरांत होतं की फोनमधल्या डेटाची जबाबदारी ग्राहकाची. मी ते वाचलंच नाही. मला सगळ्यात महागात पडलेली चूक ही एकच, बाकी सगळं तिच्या मागून आलं.

संध्याकाळी फोन हातात घेतला तर पडद्यावर ‘भाषा निवडा’. नवीन फोन पहिल्यांदा चालू केल्यावर येतं ना, तेच. मी तिथेच उभी राहिले. विचारलं तर म्हणाला, ‘सॉफ्टवेअर टाकून बघितलं मॅडम, पहिली स्टेप तीच असते.’ चार्जिंग तरीही होत नव्हतं! चार्जिंगच्या तक्रारीला सगळा फोन पुसायचा, तोही एका शब्दाने न विचारता, ही कुठली पद्धत? त्यानंतर तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा मॅनेजर रजेवर, दुसऱ्यांदा ‘मेल करा’, तिसऱ्यांदा मेलचं उत्तर दाखवलं तर माझीच सही माझ्यापुढे धरली. जॉबशीटवर तक्रार म्हणून फक्त ‘चार्जिंग नाही’ लिहिलंय, रीसेटला माझी संमती कुठे आहे, याचं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर तेव्हा मला माहीत नव्हता. तुमच्यावर तशी वेळ आलीच तर पहिल्याच दिवशी लावा आणि जॉबशीटची प्रत हातातून सोडू नका.

चार्जिंग शेवटी कसं सुरू झालं ते ऐका. नवी पेठेतल्या एका छोट्या दुकानात नेला. त्या काकांनी फोन बंद केला, भिंग लावलं आणि लाकडी काडीने पोर्टमधून सुताच्या तंतूंचा घट्ट गोळा बाहेर काढला. तुरीच्या डाळीएवढा होता. ‘कारखान्यात काम करता का ताई? इकडे निम्मे फोन असेच येतात,’ म्हणाले. पैसेसुद्धा घेतले नाहीत.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हे. तुम्ही मागच्या एका पोस्टमध्ये घरात यंत्रमाग असल्याचं लिहिलं होतं. फोन पूर्ण बंद करा, टॉर्च धरून पोर्टमध्ये बघा. तंतू दिसले तर लाकडी टूथपिकने अगदी हलक्या हाताने काढा. पिन, सुई, सेफ्टीपिन अजिबात नको, आतल्या पट्ट्या वाकतात. केबल आणि चार्जर बदलूनही बघा. मी तंत्रज्ञ नाही, पोर्ट खरंच तुटलेला असू शकतो. पण पाच मिनिटांचं काम आहे.

आता डेटा. बॅटरी मोजकी आहे म्हणून क्रम महत्त्वाचा. ब्राइटनेस खाली, बॅटरी सेव्हर चालू, लोकेशन आणि ब्लूटूथ बंद. पोर्ट गेलेला असेल तर केबलने कॉम्प्युटरवर कॉपी करणंही बहुतेक जमणार नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका. ॲप उघडा, सेटिंगमध्ये ‘एक्सपोर्ट’ किंवा ‘बॅकअप’ शोधा, जी फाइल बनेल ती स्वतःला मेल करा आणि एका खेळाडूला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बॅकअपची फाइल फोनच्याच डाउनलोडमध्ये ठेवून उपयोग शून्य, रीसेटमध्ये तीही जाते. मग प्रत्येक पात्राच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि तुमच्या ग्रुपवर टाका. एक्सपोर्टची फाइल दुसऱ्या फोनवर ते ॲप टाकून उघडून बघा. उघडली तरच ती बॅकअप. न उघडणाऱ्या फाइलवर विसंबू नका.

तुम्ही लिहिलंय, ‘गूगलचा बॅकअप ऑन दिसतोय, म्हणजे प्रॉब्लेम नसावा.’ मीही हेच बघून निर्धास्त होते. अँड्रॉइडचा आपोआप बॅकअप एका ॲपमागे जास्तीत जास्त 25 एमबी घेतो, आणि ॲप बनवणाऱ्याने तो बंद ठेवला असेल तर त्या ॲपचं काहीच घेत नाही. तुम्हाला ते कुठे ठळक दिसतही नाही. शिवाय तुम्ही मुद्दाम मोबाइल डेटाला परवानगी दिली नसेल तर तो वायफायची वाट बघत बसतो. आमच्या घरी तेव्हा वायफाय नव्हतं, सगळं मोबाइलच्या डेटावर. म्हणजे बटण हिरवं, आणि आत काही नाही. सेटिंगमध्ये शेवटच्या बॅकअपची तारीख दिसते, ती आत्ता बघा.

गेलेला डेटा परत काढून देतो म्हणणारी माणसं भेटतील. मला दोन भेटली. एकाने फोन आठ दिवस ठेवून घेतला, अडीच हजार रुपये मागितले आणि शेवटी जुने दोन वॉलपेपर दाखवले. कारण साधं आहे. अलीकडच्या फोनमध्ये सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक कुलपात ठेवलेला असतो (अँड्रॉइड 10 घेऊन आलेल्या फोनपासून तर ते सक्तीचंच आहे) आणि फॅक्टरी रीसेटमध्ये तो उघडायची किल्लीच पुसली जाते. किल्ली गेली की राहिलेलं सगळं निरर्थक आकडे. एकदा रीसेट झाला की गल्लीतल्या दुकानात त्यावर रुपयाही घालू नका.

मला जे काही परत मिळालं ते माणसांकडून मिळालं. शेजारची मुलगी नागव्वा नावाची ड्रुइड (प्राण्याचं रूप घेऊ शकणारी जादूगारीण) खेळायची, सातव्या लेव्हलची. मी रडवेल्या आवाजात सांगितलं की पात्रं गेली, तर ती जिन्यात उभ्या उभ्या म्हणाली, ‘ताई, लिही. हिट पॉइंट 52. स्लॉट चार, तीन, तीन आणि चौथ्या लेव्हलचा एक, तो मी वापरलेला नाही. आणि मी आत्ता मगर आहे, पाणीमहालाच्या खालच्या खोलीत, विसरू नको.’ (हिट पॉइंट म्हणजे पात्राचा जीव किती, स्लॉट म्हणजे कुठल्या लेव्हलची जादू किती वेळा करता येईल ते.) तिला सगळं पाठ होतं. मावसभावाच्या व्हॉट्सॲपमध्ये माझेच जुने व्हॉइस मेसेज सापडले, त्यातून निम्मे नकाशे परत काढले. म्हणून तुमच्या खेळाडूंनाही आजच सांगा, ग्रुपवरचं चॅट कोणी पुसायचं नाही.

आता ॲपचं. ही माझी मतं आहेत, प्रत्येक डीएमचं वेगळं असतं. आणि हे सगळं अँड्रॉइडपुरतं.

पात्राची मूळ प्रत कागदावर, दोनशे पानी वहीत, पेन्सिलने. ॲप ही सोय. डी अँड डी बियाँड या खेळाच्या अधिकृत साइटवर फुकटच्या खात्यात सहा पात्रं ठेवता येतात, तुमचे चार खेळाडू त्यात बसतात, आणि ती खात्याशी बांधलेली असल्यामुळे फोन बदलला तरी राहतात. पण तेही दुसऱ्याचं घर आहे. ती साइट 2022 मध्ये डी अँड डीची मालक कंपनी हॅस्ब्रोने विकत घेतली, पुढे 2023 च्या जानेवारीत खेळाचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या परवान्याच्या बदलावरून जगभरचे खेळाडू चिडले, तेव्हा अनेकांनी तिथली वर्गणी बंद केली होती. त्या भांडणातून आपल्याला एक चांगली गोष्ट मिळाली: नियमांचा पाया असलेला दस्तऐवज, एसआरडी 5.1, क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला. आता तो कोणी परत घेऊ शकत नाही. ती पीडीएफ उतरवून सगळ्यांच्या फोनमध्ये टाका. लाइट गेली, नेट गेलं तरी नियम हाताशी. पाथफाइंडरकडे (डी अँड डीसारखाच दुसरा खेळ) वळायचं मनात असेल तर आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर नियम फुकट वाचता येतात आणि पात्र बनवायला पाथबिल्डर 2ई हे ॲप उत्तम आहे.

डीएमच्या टिपणांसाठी मात्र ‘आरपीजीसाठी खास’ (म्हणजे असल्या पात्रं घेऊन खेळायच्या खेळांसाठी) असली चकचकीत ॲपं मी आता घेत नाही. साधी टेक्स्ट फाइल, जी कुठल्याही फोनवर उघडते. मी ऑब्सिडियन हे टिपणांचं ॲप वापरते, कारण त्यात सगळं साध्या फाइलींत राहतं. फक्त सुरुवातीला साठवण ॲपच्या आत की फोनच्या फोल्डरमध्ये असं विचारलं तर फोल्डर निवडा, ॲपच्या आतलं ॲप काढल्यावर जातं. दर रविवारी खेळ संपला की तो फोल्डर झिप करून मी मावसभावाला पाठवते. तो उघडत नाही, उघडला तर पुढची रहस्यं फुटतील. पण त्याच्याकडे आहे.

फाशांचं ॲप कुठलंही चालतं, त्यावर वेळ घालवू नका. जमलं तर वीस बाजूंचा खरा फासा एक तरी मागवा. सतरंजीवर तो घरंगळत जातो तेव्हा पाच डोकी एकदम खाली वाकतात, त्याची सर पडद्याला नाही. तुमचा एक जण पुण्याहून खेळतो म्हणालात, त्याच्यासाठी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर ॲव्हरे हा फासे टाकून देणारा बॉट घ्या, फासे सगळ्यांसमोर पडतात. रोल20 (ऑनलाइन नकाशावर खेळायची साइट) फोनच्या ब्राउझरवर खेळायच्या भानगडीत पडू नका, बोटाने नकाशा धड सरकत नाही.

जाता जाता, तुमच्यातला कोणी मोबाइल गेमही खेळत असेल तर ‘गेस्ट’ म्हणून कधीच खेळू नका, खात्याशी जोडून घ्या. आणि सर्व्हरवर आहे म्हणजे कायमचं आहे असंही समजू नका. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने 118 ॲपांवर बंदी घातली त्यात पबजी मोबाइल होतं, ऑक्टोबर संपता संपता त्याचे सर्व्हरही आपल्याकडे बंद झाले. नंतर आलेलं बीजीएमआय, म्हणजे त्याचंच भारतातलं नवं रूप, 2022 च्या जुलैत स्टोअरवरून गेलं ते 2023 च्या मे महिन्यात परतलं. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने पैसे घालून घेतलेले कपडे-बंदुका त्यात अडकल्या होत्या. तो दहा महिने रोज स्टोअर उघडून बघायचा.

फोन द्यावाच लागला तर सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. पॅटर्न देऊ नका. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड असतो, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड, तो चालू करून द्या. त्याने तुमचा डेटा झाकला जातो, पण रीसेट केला तर तोही वाचत नाही, हे लक्षात ठेवा. आणि जॉबशीटवर स्वतःच्या हाताने लिहा: ‘मला फोनवर विचारल्याशिवाय रीसेट करू नये.’ लिहून देत नसतील तर फोन उचला आणि बाहेर या. मागे रांग असली तरी.

एक्सपोर्टची फाइल मिळाली की तिच्या नावाच्या शेवटी टिंबापुढे काय आहे ते इथे लिहा. दुसऱ्या फोनवर उघडली नाही तर मला पाठवा, मी आज रात्री अकरापर्यंत जागी आहे.