यूएसच्या १५ कॉलेजांची लिस्ट केलीये, त्यातली ११ तर १० टक्क्यांपेक्षा कमी मुलांना घेणारी आहेत, मग रीच (ॲडमिशन मिळणं अवघड) आणि सेफ्टी (जवळजवळ नक्की मिळेल अशी) कॉलेजं कशी ठरवायची?

लिस्ट ९-१० वर आणा आणि सेफ्टीपासून सुरुवात करा, २-३ सेफ्टी, ४ टार्गेट (मिळायची बऱ्यापैकी शक्यता असलेली), ३ रीच एवढं पुरे. तुमच्या १५ पैकी ११ कॉलेजं १० टक्क्यांपेक्षा कमी मुलांना घेणारी आहेत, आणि हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी ही स्कोर कितीही भारी असला तरी सगळ्यांसाठी रीचच. बाकीच्यांसाठी कॉलेजचं नाव टाकून 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजनंच दिलेली ॲडमिशनची आकडेवारी) सर्च करा, त्यात सी९ या भागात पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांचे एसएटी या प्रवेश परीक्षेचे २५ आणि ७५ पर्सेंटाइल असतात (म्हणजे २५ आणि ७५ टक्के मुलं ज्या स्कोरच्या खाली आहेत ते स्कोर), तुमचा स्कोर ७५ च्या वर असेल आणि कॉलेज निम्म्याहून जास्त अर्जदारांना घेत असेल तर सेफ्टी धरा, मधे कुठेतरी असेल तर टार्गेट. तिथेच किती टक्के मुलांनी स्कोर दिला तेही लिहिलेलं असतं, ते नक्की बघा, कारण टेस्ट ऑप्शनल (स्कोर देणं ऐच्छिक असलेल्या) कॉलेजात बहुतेक चांगले स्कोरवालेच स्कोर देतात त्यामुळे आकडे फुगलेले दिसतात.

फक्त एक, हे सगळं पूर्ण फी भरणार असाल तर. बाहेरच्या देशातून अर्ज करून एड (फीसाठी आर्थिक मदत) मागणार असाल तर बहुतेक कॉलेजं ॲडमिशन देतानाच ते लक्षात घेतात, मग टार्गेट वाटणारं कॉलेज रीच होतं. आणि कंप्युटर सायन्स हवं असेल तर त्या मेजरचा (मुख्य विषयाचा) ॲडमिशन रेट वेगळा शोधा, बऱ्याच स्टेट युनिव्हर्सिटीत तो पूर्ण कॉलेजच्या रेटपेक्षा खूप कमी असतो. जिथं खरंच चार वर्षं राहायला आवडेल आणि फी झेपेल तेच सेफ्टीत टाका.