मुलगा सातवीत आहे. रोज २ तास वाचतो, तरी घटक चाचणीत आठवत नाही. क्लास लावू का?

क्लासची घाई नको. आधी त्याची तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन दोघं बसा. मी कोथरूडला सातवीला विज्ञान शिकवते, दरवर्षी हेच बघते. धडा तीनदा वाचला की ओळखीचा वाटतो आणि मुलाला वाटतं, झालं पाठ! म्हणून पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात ५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे.

परवा वर्गात एकीने पचनसंस्थेची आकृती न बघता काढली, तर यकृतच राहिलं. इतक्यांदा वाचूनही तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं. आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकता शिकता होणारी तपासणी, त्यासाठीच असतं हो, चूक वेळेत सापडावी म्हणून. मार्कांवरून त्याला बोलू नका.

पंधरा दिवस करून बघा. तरीही अडलं तर वर्गशिक्षकांना भेटा. कधीकधी मूळ अडचण वाचनातच असते.