पुरातत्त्व शिकून मुलगी आमचीच कामं अडवणार का?

प्रश्न : मी कराडला बांधकामाची कंत्राटं घेतो. मुलगी इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुण्याला जाऊन पुरातत्त्व शिकायचंय. आमच्या धंद्यात पुरातत्त्व म्हणजे एनओसीची कटकट. पाया काढताना जुन्या विटा-खापरं निघाली, तर सगळे गपचूप बुजवतात. यात पोट भरेल का?

उत्तर : नमस्कार. सरळ सांगतो, सरकारी जागा थोड्या आहेत आणि भरती रेंगाळते. खासगी कामही आपल्याकडे कमीच. इंग्लंडमध्ये १९९० च्या धोरणापासून बांधकाम परवानगीच्या वेळीच पुरावशेषांचा विचार होतो आणि उत्खननाचा खर्च बहुधा बिल्डर करतो. त्यामुळे तिथे हे काम करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आपला कायदा मुख्यतः संरक्षित स्मारकाभोवती फिरतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. त्याबाहेरचा प्लॉट, मग खाली काहीही असो, सहसा कुणी तपासत नाही. तुमचं कराड तर जुनं करहाटक. आगाशिवची लेणीच सुमारे दोन हजार वर्षांची. असल्या गावात हे परवडणारं नाही.

बुजवण्याबद्दल : १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे तुम्हाला घरातलंच कुणी वेळेवर सांगितलं, तर बिघडलं कुठे?

वेळेत ठरलं तर काम अडत नाही. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंडा या प्राचीन बौद्ध स्थळाचं उत्खनन १९५४ ते १९६० मध्ये झालं, महत्त्वाचे अवशेष हलवले गेले आणि धरणही झालं. घोळ होतो तो जेसीबी आल्यावर जाग आली की.

मुलीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. करू द्या, तिथे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. पुढे ग्रेटर नोएडाच्या पुरातत्त्व संस्थेतली दोन वर्षांची पदविका आहे. पण नुसत्या पदवीवर विसंबू नका. जीआयएस (संगणकावरचे नकाशे), टोटल स्टेशन (जागा मोजायचं यंत्र), मोजमापाची रेखाटनं तिला आलीच पाहिजेत. नोकरी लांबली तरी सर्व्हेच्या कामावर तिचं भागेल. आणि बांधकामाचा नकाशा वाचता येणारा पुरातत्त्वज्ञ आपल्याकडे दुर्मीळच. ते तिला घरबसल्या शिकवणारा माणूस तुम्हीच आहात.

तेव्हा पुढच्या साइटवर तिला सोबत न्या. मातीचे थर बघायला जेसीबीवाल्याला दहा मिनिटं थांबवा. तो कुरकुरेल, कुरकुरू द्या.