मोशन कंट्रोल, म्हणजे बटणांऐवजी हात किंवा कंट्रोलर हलवून गेम खेळणं, ही नुसती चमकोगिरी आहे का? गेम त्याचा नीट उपयोग करतात का?

थोडक्यात सांगायचं तर अख्खा हात हलवायला लावणारे बहुतेक गेम चार दिवस मजा देऊन कपाटात गेले. मनगटाची बारीक हालचाल वापरणारे मात्र टिकलेत, आणि तुमचा प्रश्न पहिल्या प्रकारावरूनच आलेला दिसतोय.

निन्टेन्डोचा वी हा गेम कन्सोल आला २००६ मध्ये. त्यातलं टेनिस लोक घाम गाळून खेळायचे, पण सोफ्यावर लोळून रिमोटला झटका दिला तरी चेंडू परत जायचाच. रिमोटमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरला हिसका बसलेला कळायचा, हात नेमका कसा वळला ते धड कळत नसे. त्यासाठी लागणारा जायरोस्कोप २००९ मध्ये मोशनप्लस नावाच्या वेगळ्या तुकड्यातून आला. तोवर कितीतरी गेमवाल्यांनी बटणाच्या जागी 'रिमोट हलवा' एवढंच करून ठेवलं होतं. उगाच हाताला त्रास.

२०१० च्या कायनेक्टने, म्हणजे एक्सबॉक्सला जोडायच्या कॅमेऱ्याने, तर कंट्रोलरच काढून टाकला. एकट्याला खेळायला साधारण सहा फूट लांब उभं राहायचं, दोघं असाल तर आठ. आमच्या कोपरखैरण्याच्या हॉलमध्ये टीव्ही आणि दिवाण यांच्यात टीपॉय सरकवूनही तेवढी जागा निघत नाही. (ठाण्यातल्या वन बीएचकेवाल्यांनी हसू नये.)

खरा उपयोग नेम धरताना. २०१५ चा स्प्लाटून हा नेमबाजीचा गेम घ्या, किंवा २०१७ च्या झेल्डा गेममधलं धनुष्य: अंगठ्याने फिरवायच्या स्टिकने ढोबळ रोख धरायचा आणि शेवटचा केसभर फरक मनगटाने काढायचा. अंगठ्याला ते जमत नाही. सोनीच्या कंट्रोलरमध्येही जायरो (म्हणजे जायरोस्कोप) आहे, पण एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये नाही. मग दोन्हीकडे विकायचा गेम काढणारा त्यावर कशाला डोकं खपवेल? माझ्या मते घोडं इथेच अडलंय.

आपल्याकडे मात्र कन्सोल न घेताच पोरं जायरोत तरबेज झालीत, बीजीएमआय या फोनवरच्या बंदुकीच्या गेममुळे. सिक्स-एक्स (सहापट मोठं दाखवणारा स्कोप) लावून स्प्रे, म्हणजे सलग गोळ्या, मारताना बंदूक वर उचलली जाते. तेव्हा स्क्रीनवर बोट खाली ओढत बसण्यापेक्षा आडव्या धरलेल्या फोनची वरची कड किंचित पुढे झुकवायची. फायरचा अंगठा जागचा हलत नाही आणि गोळ्या एका जागी बसतात. सुरुवातीला दोन दिवस नेम भलतीकडेच जाईल, तरी बंद करू नका. आधी 'स्कोप ऑन' (जायरो फक्त स्कोप लावल्यावर चालू) ठेवा, सेन्सिटिव्हिटी कमी ठेवा. हात बसला की 'ऑलवेज ऑन'.

फक्त ठाणे-वाशी लोकलमध्ये खेळणार असाल तर जायरो बंदच बरा. तुर्भ्याहून सानपाड्याकडे गाडी वळली की नेम आपोआप बाजूला सरकतो. फोन फिरला एवढंच जायरोला कळतं, तुम्ही फिरवला की मोटरमनने, ते नाही.