भोपळा फिका निघाला, त्यात दुधीचा काय दोष?

प्रश्न : मी दहिसरला राहते. मागच्या वर्षी भाजीवाल्याकडून आणलेला लाल भोपळा इतका गोड निघाला की घारग्यांत गूळ अर्धाच घालावा लागला. म्हणून बिया धुवून, सुकवून ठेवल्या आणि जूनमध्ये गच्चीवर ड्रममध्ये लावल्या. वेल झकास गेला पण भोपळे आले ते लांबुडके, आतून फिक्के आणि चवीला नुसतं पाणी. शेजारच्या काकू म्हणतात बाजूला दुधी लावलास ना, क्रॉस झाला. सासूबाई म्हणतात माती हलकी. खरं काय?

उत्तर : ताई, आधी दुधीला निर्दोष सोडून द्या बिचाऱ्याला. दोघांच्या नावात भोपळा आहे म्हणून आपण भाऊभाऊ समजतो पण घराणं फार लांबचं. दुधीचं फूल पांढरं आणि संध्याकाळी उमलणारं, लाल भोपळ्याचं पिवळं आणि पहाटे उमलणारं. दुधीची गुणसूत्रं २२, भोपळ्याची ४०. दुधी मूळचा आफ्रिकेचा आणि लाल भोपळा अमेरिकेतून आलेला, तिकडे मेक्सिकोत ओआहाकाच्या एका गुहेत भोपळावर्गातल्या बिया सापडल्यात त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. तर यांचं लग्न तुमच्या गच्चीवर काही लागत नाही.

आणि समजा दुसऱ्या एखाद्या भोपळ्याशी क्रॉस झालाच, तरी तो यंदाच्या फळात दिसत नाही! इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. फळाची साल आणि गर हे आईचं अंग, बाप काय तो बीच्या आत. म्हणजे मागच्या वर्षी ज्याचे घारगे केलेत तो गर आईचा होता, आणि ज्या बिया धुतल्यात त्यांचा बाप कोण हे भाजीवाल्याला माहीत नाही, शेतकऱ्याला माहीत नाही, मधमाशीलाच काय ते ठाऊक. शेजारच्या वावरात कोणी लांबट फिका वाण लावला असेल तर तो आत्ता तुमच्या ड्रममध्ये उगवला. दुसरी शक्यता अशी की तो भोपळा हायब्रीड होता. हायब्रीडमध्ये दोन ठरावीक वाणांची पहिली पिढी असते, ती सगळी एकसारखी येते, पण तिचं बी धरलं की पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण वाट्टेल तसे वाटले जातात. एकाच फळातल्या दहा बिया लावल्यात तर दहा तऱ्हा. म्हणूनच शेतकऱ्याला हायब्रीडचं पाकीट दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं.

सासूबाईंचंही थोडं ऐका हं, बी सोडून बाकी गोष्टींनीही फरक पडतो. गोडी पानं उन्हात तयार करतात, आणि बाजूच्या टॉवरची सावली दुपारनंतर गच्चीवर येत असेल तर चांगल्या बीचा भोपळाही पाणचटच होणार.

पुढच्या वेळी बी धरायचं असेल तर हायब्रीड नको, सरळ वाण घ्या, म्हणजे ज्याचं बी धरलं तरी फळ तसंच येतं असा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का चंदन आहे, फळ दोन-तीन किलोचं. गच्चीला त्यांचाच अर्का सूर्यमुखी जास्त सोयीचा, साधारण किलोभराचा, पण ती प्रजाती वेगळी बरं का. मग एक खटाटोप करा. संध्याकाळी वेल बघायचा, उद्या उमलणारी कळी टोकाला पिवळी पडलेली असते. मादी कळीच्या खाली सुपारीएवढा भोपळा असतो, नराला नुसता दांडा. एक नर, एक मादी, दोघांची तोंडं दोऱ्याने बांधून टाकायची. सकाळी साडेसहाला वर जाऊन नर तोडायचा, त्याच्या पाकळ्या ओरबाडून काढायच्या आणि मधला परागाचा दांडा मादीच्या आतल्या भागावर नीट चोळायचा, मग मादीचं तोंड परत बांधायचं म्हणजे मधमाशी लुडबुड करत नाही, आणि देठाला लाल दोरा, नाहीतर कुठला भोपळा बीचा हे ऑक्टोबरपर्यंत तुम्हीच विसरता. (मी विसरलो होतो आणि बीचा भोपळा भाजीत गेला.) उशिरा उठून उपयोग नाही, दुपारपर्यंत फूल मिटतं. दोन्ही फुलं एकाच वेलाची असली तरी चालतात, मक्यात असं केलं तर पुढची पिढी खंगते, भोपळ्यात फारसा फरक पडत नाही.

प्रश्न : वेलाला तीन आठवडे नुसती फुलं येतायत आणि गळतायत. औषध मारू का? (मुलुंड)

उत्तर : नको. आधी नर फुलंच येतात, मादी मागाहून. बियाणंवाले हायब्रीड करताना इथेफॉन नावाचं रसायन मारून आईच्या वेलावरची नर फुलं दाबतात, ते काम त्यांनाच करू द्या. तुम्ही नर फुलांची भजी करा.

प्रश्न : मॉलमधून झुकिनी आणली, कडूजहर निघाली. मीठ लावून, उकळून भाजी केली तरी कडूच. टाकायला जीवावर येतं हो, महाग असते. (चेंबूर)

उत्तर : टाका. अगदी आज. तो कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा, ते उकळून जात नाही आणि मीठ लावूनही जात नाही. झुकिनीही भोपळ्याचीच जात, आणि जंगली भोपळे असेच कडू असतात, माणसाने हजारो वर्षं गोडे तेवढे निवडून बी धरलं म्हणून आपण खातोय. पण कडूपणाचं जनुक प्रभावी आहे, आईबापातल्या एकाकडून आलं तरी पुरतं. बियाण्याच्या शेताजवळ शोभेचा किंवा रानटी भोपळा असला की एखादी बी अशी निघते आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. दुधीचंही तेच, २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा जीव गेला होता. कापल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावायचा, कडू लागला की थुंकायचा. हीच सवय आमच्या आजीला होती आणि आम्ही तिला हसायचो.

प्रश्न : दुकानात हिरव्या, सोललेल्या भोपळ्याच्या बिया मिळतात. एवढ्या बिया सोलतं कोण? (दादर)

उत्तर : बऱ्याच मशीनवर सोललेल्या असतात. पण काही बियांना टरफलच नसतं! ऑस्ट्रियाच्या स्टायरिया भागात तेलासाठी भोपळा लावतात, तिथे १९ व्या शतकात वेलात आपोआप एक बदल झाला आणि बीवरचं कडक कवच बनेनासं झालं, उरला नुसता पातळ हिरवा पापुद्रा. मुख्य जनुक एकच आणि तेही अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून यावं लागतं. शेजारच्या साध्या भोपळ्याचा पराग लागला तर यंदा बी सोललेलीच मिळेल, कारण टरफलही आईचंच अंग, आणि पुढच्या वर्षी त्याच बिया लावल्यात की टरफल परत हजर.